तीन घाव

सोलापूर, सिद्धेश्वर तळ्याच्या काठी
बुधवार, १७ नोव्हेंबर १९७६, दुपारी बारा

पारव्वा,

वर 'चि.' लिहिलं होतं, ते खोडलं. सतरा वर्षांत एक कार्डसुद्धा न टाकलेल्या बाईनं एकदम आशीर्वाद कसा द्यायचा ते सुचेना. म्हणून नुसतं नाव.

मी नीलम्मा, तुझी अक्का. सोलापुरात आहे, पण तुझ्याकडे यायला आलेली नाही. संध्याकाळी साडेसहाला माझी गाडी आहे. उद्या सिकंदराबादला गाडी बदलायची, आणि परवा सकाळी राजमहेंद्रीच्या घाटावरून लाँचमध्ये बसायचं. लाँच गोदावरीतून वर भद्राचलमपर्यंत जाते. दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येत येत नदी चिंचोळी होते म्हणतात. मी नर्स आहे त्या दवाखान्यात एक म्हातारे पेशंट होते, ते तिकडच्या जंगलखात्यात कारकून होते. रोज इंजेक्शन घेताना मला त्या नदीचं सांगायचे. ते गेले, आणि नदी माझ्या डोक्यात राहिली. दोन वर्षं रजा साठवली. कुणी विचारलं, बाईमाणूस एकटी कुठं निघाली, तर सांगते, नदी बघायला. लोक हसतात. कुर्डुवाडीला गाडी बदलताना तिकीट तपासनीसानंही विचारलं, यात्रेला का? त्याला व्हय म्हटलं. तेवढंच सोपं.

तर आज दिवसभर मी आपल्याच गावात पाहुणी आहे. बॅग स्टेशनावर ठेवली. सकाळी किल्ल्यात गेले. लहानपणी इतक्या जवळ राहून आपण आत कधी गेलोच नव्हतो. अप्पा म्हणायचे, तिथं काय ठेवलंय. बाग आहे, बुरूज आहेत, बुरुजावरून हे तळं आणि मधलं देऊळ दिसतं. शाळेची पोरं रांगेनं चालली होती. मी त्यांच्या मागे मागे सगळं पाहिलं, मास्तर सांगत होते ते ऐकलं. मग देवळात जाऊन आले. खाणावळीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. मिरची तीच आहे.

आता पायऱ्यांवर बसून हे लिहितेय. मिलचा भोंगा झाला. समोर एक बाई चादर धुतेय, आपटताना तिच्या हातातल्या बांगड्या वाजताहेत. मी तिच्याकडे बघायचं टाळतेय. आपटण्याचा आवाज मला अजून सोसत नाही.

आपल्या गल्लीतला एक पोटाच्या दुखण्याचा पेशंट मागच्या वर्षी आमच्याकडे होता. त्याला मी कोण ते सांगितलं नाही. त्यानंच सांगितलं की अप्पा गेले, मग अव्वा गेली, आणि धाकटी पार्वतम्मा, म्हणजे तू, नवऱ्यासह त्याच घरात राहते, पुढच्या भागात नवऱ्यानं, शिवयोगीनं, चादरींचं दुकान काढलंय, माणूस लई शांत, गल्लीत कुणाला वरच्या आवाजात बोललेला नाही, मूलबाळ नाही. एवढं ऐकलं आणि मी त्याच्या नाडीवरचा हात काढला.

तुला राग असेल, मलाही आहे. सासरहून, अक्कलकोटहून, मी एस.टी.नं आले, लुगड्यावर रक्त होतं, ते माझं नव्हतं. त्याआधी दोनदा मी आले होते, एकदा हात मोडलेला, एकदा तळवा तव्यावर भाजलेला, आणि दोन्ही वेळा अप्पांनी मला नवऱ्याकडे, ईरप्पाकडे, परत नेऊन सोडलं होतं. तिसऱ्यांदा आले तेव्हा ते आतून म्हणाले, दार लाव. तू चौदा वर्षांची होतीस. खिडकीतून तू माझ्याकडे बघितलंस आणि कडी घातलीस. पोलिसांनी मला आपल्या ओट्यावरून उचललं. ईरप्पाचा डोळा गेला होता, मला दोन वर्षांची शिक्षा झाली. तू लहान होतीस हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही.

असो. भवानी पेठेत, आपल्या घरी, मी जाणार नाही. सोलापुरी चादर मात्र एक घ्यायची आहे. लाँचवर गार वारा असतो म्हणतात.

नीलम्मा


सिकंदराबाद स्टेशन, बायकांची वेटिंग रूम
गुरुवार, १८ नोव्हेंबर, सकाळ

पारव्वा,

कालचं पत्र पिशवीतच राहिलं. हे त्याच पाकिटात घालीन. उजवा हात थरथरतोय, अक्षर सांभाळून घे.

काय झालं ते तुला माहीत आहे, तू तिथंच होतीस. पण तू जमिनीवर होतीस आणि मी दारात. मला दिसलं ते तुला दिसलं नसणार.

चादर काय, स्टेशनाबाहेरही मिळाली असती. मी मुद्दाम आले. तीन वाजता आपल्या घरासमोर उभी राहिले आणि पाय आपोआप ओटा चढले. तुझ्या नवऱ्यानं मला कधी पाहिलेलं नाही, त्यानं गिऱ्हाईक समजून बसायला सांगितलं. खरंच शांत माणूस. आवाज मऊ. मोरांची नक्षी असलेली एक लाल चादर त्यानं माझ्या मांडीवर उलगडली आणि रंग पाण्याला सुटणार नाही म्हणून ग्वाही दिली. मग आत हाक मारली, बाईंना पाणी आण.

तू तांब्या आणि काचेचा पेला घेऊन आलीस. उकडत होतं तरी पदर गळ्याभोवती घट्ट घेतला होतास. बारा वर्षं मी बायका तपासतेय, माझी नजर आधी तिथंच गेली. पदराच्या वर, कानाखाली, पिवळं-निळं झालेलं होतं. चार दिवसांपूर्वीची बोटं. त्यानंतर मी तोंडाकडे पाहिलं. तेवढ्यात तू मला ओळखलंस आणि पेला पडला.

तो रागावला नाही. स्वतः वाकून काचा वेचल्या. माझ्याकडे बघून हसला.

"आमच्या हिच्या हाताला काय धरवत न्हाय," तो म्हणाला. "तुमी बघा तवर चादरी."

आणि तुला आत घेऊन मधलं दार लोटलं.

पहिला आवाज भिंतीचा होता, डोकं भिंतीवर आदळल्याचा. मग त्याचा आवाज, तसाच मऊ, एकच शब्द पुन्हा पुन्हा. गिऱ्हाइकासमोर. गिऱ्हाइकासमोर. प्रत्येक शब्दाला एक आवाज. तू ओरडत नव्हतीस, कण्हत होतीस. मी चादर मांडीवर घेऊन बसून होते. लाजेनं लिहिते, मी उठले नाही. वाटलं, मी आत गेले तर हा मारून टाकेल तिला. मी गेले नाही तर थांबेल. मी पण हेच करायची, ईरप्पाचा हात चालू असताना गप पडून राहायची, म्हणजे लवकर संपतं.

मग सगळं थांबलं, आणि मी उठले. ओरडणारा माणूस श्वास घेत असतो, हे दवाखान्यात पहिल्या महिन्यात शिकवतात. गप्प झालेल्याकडे आधी धावायचं.

गल्ल्याशेजारी कापड मोजायचा लोखंडी गज उभा होता, तो माझ्या हातात कधी आला ते आठवत नाही. दार ढकललं. तो तुझ्यावर बसला होता. दोन्ही गुडघे तुझ्या दंडांवर, दोन्ही अंगठे गळ्यात. तुझ्या टाचा फरशीवर आपटत होत्या आणि त्यांचा जोर कमी होत चालला होता. चेहरा जांभळा, डोळे वर गेलेले. मी गज मारला. त्यानं तुला सोडलं. तू श्वास आत ओढलास, जुनं लुगडं फाडताना येतो तसा आवाज आला.

मग गल्ली आत आली. तो पडल्या पडल्या ओरडत होता, हिनं मारलं, धरा हिला. कुणीतरी माझी वेणी धरली. आपल्या गल्लीतली जुनी बांगडीवाली सरदारबी पुढे होती, तिनं मला ओळखलंच नाही, आधी तुझं डोकं मांडीवर घेतलं. लोक विचारत होते, कोण ही बाई, कोण? तू भिंतीला धरून उठलीस. घोगऱ्या आवाजात म्हणालीस,

"गिऱ्हाईक हाय. मला ठाऊक न्हाय कोण ती."

आणि माझ्याजवळ येऊन दोन्ही हातांनी मला छातीवर ढकललंस. ढकलताना कानडीत हळूच म्हणालीस, "होगु, अक्का."

जा म्हणालीस. गाडीत बसेपर्यंत मला वाटत होतं की पुन्हा तू मला बाहेर काढलंस. गाडी गाणगापूर ओलांडून गेली तेव्हा डोक्यात उजेड पडला. शिक्षा भोगलेली बाई मी. तू माझं नाव घेतलं असतंस तर मी आत्ता सोलापूरच्या कोठडीत असते.

सरदारबीनं मला मागच्या बोळातून काढलं. "बाई, इधर से चलो," एवढंच म्हणाली. बोळाच्या तोंडाशी तिच्या नवऱ्याचा टांगा होता. हाशमभाईंनी मला स्टेशनावर आणलं. तिथं घोडा थांबवून विचारलं, पारूभाबीची तुम्ही कोण लागता. मी म्हटलं, कुणी नाही.

"कोई नहीं होके इत्ता मारते क्या," ते म्हणाले. मग स्वतःहून पत्ता सांगितला. पत्र घालायचं तर सरदारबीच्या नावानं घाला, घरी नको.

म्हणून हे तिच्या पत्त्यावर टाकतेय. गळ्याला गार पट्ट्या ठेव. गिळताना दुखत असेल किंवा आवाज आठ दिवसांत परत आला नाही तर सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टरला खुणा दाखव. त्यांना लिहून घ्यायला सांग. पायऱ्यांवरून पडले असं म्हणू नकोस. पायऱ्यांना अंगठे नसतात.

नीलम्मा


गोदावरी, लाँचच्या वरच्या डेकवर
शनिवार, २० नोव्हेंबर

पारव्वा,

मी नदीवर आहे. काल सकाळी निघालो, संध्याकाळी एका गावाच्या काठाला लाँच बांधली, आज पुन्हा निघालो. म्हातारे सांगायचे तसंच आहे. दोन्ही काठांचे डोंगर इतके जवळ येतात की पुढे वाट बंद झाली असं वाटतं, आणि अगदी जवळ गेल्यावर नदी वळते. पाणी हिरवं, खोल, आवाज नसलेलं. खाली इंजिनाशेजारी एक माणूस चिंचेचं सार आणि भात शिजवतो. सगळे तेलुगू बोलतात. सोलापुरात विणकरांच्या घरांत ऐकलेले चार शब्द मला येतात, तेवढ्यावर एका म्हाताऱ्या बाईनं मला आपल्या चटईवर जागा दिली.

सुंदर आहे. आणि मला काल दिवसभर त्यातलं काही दिसलं नाही.

गेल्या पत्रात मी लिहिलं, मी गज मारला, त्यानं तुला सोडलं. खोटं नाही ते. पण अर्धं आहे. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला या लाँचवरून उतरता येणार नाही.

घाव तीन होते.

पहिला खांद्यावर. त्यानं तुला सोडलं ते त्याच घावानं. तो कुशीवर पडला, वळला, मला पाहिलं आणि उजवा हात वर केला. मारायला नाही, तोंड वाचवायला. दुसरा घाव मी त्या कोपरावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला चांगला माहीत आहे, तो मी ऐकला. मग तो भिंतीकडे सरपटायला लागला. तिसरा गुडघ्यावर. तोपर्यंत तू श्वास घेत होतीस. मला ते दिसलं होतं, पारव्वा. तू जगलीस हे पाहून झाल्यावर मी दोनदा मारलं. आणि लोक आले नसते तर चौथा डोक्यात घातला असता. गज वर उचललेला होता.

मला बरं वाटत होतं. हे लिहायला दोन दिवस लागले.

आणि ईरप्पाचं. कोर्टात मी सांगितलं की तो अंगावर धावून आला. वकिलानं तसं सांगायला शिकवलं होतं. तो झोपला होता. दुपारी जेवून, कुशीवर वळून, तोंड थोडं उघडं. माझा भाजलेला तळवा फडक्यात बांधलेला होता. वरवंट्याला चटणी लागली होती, ती मी आधी धुतली. घाई नव्हती मला. मग आत गेले. जज्जसाहेबांना दया आली म्हणून दोनच वर्षं दिली. त्यानं केलेलं सगळं खरं होतं, मी सांगितलेलं एवढंच खोटं.

त्याच्या डोळ्याचं मला वाईट वाटत नाही. माझ्या हाताची भीती वाटते. म्हणून नर्सिंग शिकले. बारा वर्षं या हातानं जखमा बांधल्या, बाळं ओढून काढली, आणि मला वाटलं होतं की आता हा हात दुसऱ्याच कुणाचा तरी झाला. भवानी पेठेत एका दुपारी कळलं, तोच आहे.

तू कडी घातलीस त्याबद्दल सतरा वर्षं मी तुला मनातल्या मनात बोलत आले. पण खिडकीतून तुला जी बाई दिसली असेल ती आता मलाही दिसली. चौदा वर्षांच्या पोरीनं घाबरायलाच हवं होतं.

म्हातारीनं आत्ता मला हलवून काठाकडे बोट दाखवलं. वाळूवर मगर पडली होती, लाकडाच्या ओंडक्यासारखी. सगळे उठून बघायला एका बाजूला आले, लाँच कलली, खालचा माणूस शिव्या द्यायला लागला. मीही उठून पाहिलं. दोन दिवसांत पहिल्यांदा मी काहीतरी पाहिलं.

भद्राचलमला उतरल्यावर हे टाकते. माझा पत्ता मागे आहे. दोन खोल्यांचं क्वार्टर आहे, आत दुसरी खाट मावते.

अक्का


कवठे महांकाळ
रविवार, ९ जानेवारी १९७७

चि. पारव्वा,

हाशमभाईंनी कुणाकडून तरी मराठीत लिहवून घेतलेलं कार्ड काल मिळालं. चार वेळा वाचलं. मग वॉर्डात जाऊन राऊंड पुरा केला, मग परत येऊन वाचलं.

तर पोलीस त्या गिऱ्हाईक बाईला शोधत होते. स्टेशनावर सामान ठेवायच्या वहीपर्यंत पोचले होते, त्यात माझं नाव आहे. आणि त्याच दिवशी तू स्वतःच्या पायांनी चौकीत गेलीस आणि सांगितलंस की मारणारी बाई वगैरे कुणी नव्हती. गिऱ्हाईक भिऊन आधीच पळालं. 'गज मी मारला,' म्हणालीस. नवरा लाजेनं दुसरीचं नाव घेतो, बायकोनं मारलं म्हणायला त्याची जीभ रेटत नाही. सरदारबीनं तेच सांगितलं. सगळ्या गल्लीनं तेच सांगितलं, ज्यानं माझी वेणी धरली होती त्यानंसुद्धा. शिवयोगी एकटा खरं बोलतोय आणि त्याच्यावर कुणाचा विश्वास नाही. वाचताना मला हसू आलं, मग फार वेळ रडू आलं.

कार्डात लिहिलंय की तू जामिनावर आहेस आणि सरदारबीच्या माडीवर राहतेस. वीस तारखेला कोर्ट आहे. तुझा निरोप आहे, अक्कानं येऊ नये. तुझ्या गळ्याच्या खुणा सरकारी डॉक्टरनं लिहून घेतल्यात, वकील म्हणतो जीव वाचवायला मारलं असं ठरेल, सुटशील. मला मात्र जुनी शिक्षा आहे, मी सुटणार नाही. हे सगळं तू बरोबर जुळवलंस. शाळेतही तुझं गणित चांगलं होतं.

पण एक तुला जुळवता येणार नाही. त्याचा खांदा, कोपर आणि गुडघा डॉक्टरनं लिहिलेत. सरकारी वकील विचारील, खाली पडलेली, गळा दाबलेली बाई उठून गुडघ्यावर कशी मारते? मेल्यासारखी पडली होती, मग तिसरा घाव कुणाचा? आणि तू 'माझा' म्हणशील. म्हणशीलच, मला माहीत आहे. जीव वाचवायला फक्त पहिला होता. दुसऱ्या-तिसऱ्याची शिक्षा ज्याला बसायची त्याला बसेल, आणि ते घाव तू घातलेले नाहीस. तू कधी कुणावर हात उचललेला नाहीस. तुझ्या नावावर ते मी लिहू देणार नाही.

मी मेट्रनबाईंना सगळं सांगितलं. जुन्या शिक्षेचं त्यांना नोकरीला घेतानाच ठाऊक होतं. आता बाकीचंही सांगितलं, ईरप्पा झोपला होता तेही.  त्या म्हणाल्या, क्वार्टर मी रिकामं करून घेणार नाही, कोणी राहायला आलं तर किल्ली माझ्याकडे मागायला सांग. तेव्हा तू सुटलीस की इथं ये. स्वयंपाकघरात तांदूळ-ज्वारी आहे. पाणी सकाळी सहाला येतं. शेजारची सुंदरम्मा तुला विहीर दाखवील. मी परत येईपर्यंत खाट तुझी, मग आपण दुसरी घेऊ. किती दिवस ते मला सांगता येत नाही.

मला भीती वाटते. तुरुंगाचा वास मला माहीत आहे, आणि मी आता बावीस वर्षांची नाही. पण गेले दोन महिने हात थरथरत होता, इंजेक्शन द्यायला मी दुसरीला पुढे करत होते. काल रात्रपाळीच्या पोरीला सांगायच्या आधी मीच सिरींज उचलली. सुई सरळ गेली.

एकोणीस तारखेला, बुधवारी, इथून निघते. कुर्डुवाडीला गाडी बदलून सोलापूरला येईन, थेट कोर्टात. साक्षीच्या पिंजऱ्यात आधी नाव विचारतात, मग वय, मग धंदा, आणि मग आरोपीशी नातं काय ते. मी त्यांना तेवढा वेळ थांबायला लावणार नाही. नातं आधी सांगेन.

तुझी,
अक्का